बेचाळीस एसींची बाग

नागेश खोटं बोलला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोकांनी त्याच्याबद्दल काही चांगलं समजून घेतलं आणि ते त्याने खोडून काढलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. स्वतःबद्दलचा चांगला गैरसमज लगोलग खोडून काढणारा माणूस कुणाला भेटला असेल तर त्याने जरूर कळवावं.

नागेश दुबईत जबल अलीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. वय सदतीस. राहायला कंपनीचा कॅम्प, तीन मजली, एका खोलीत आठ जण. कॅम्पच्या मागे, भिंतीच्या कडेने, साठ फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी मातीची पट्टी होती. तिथे पूर्वी सिगारेटची थोटकं आणि चहाचे कागदी कप याशिवाय काही उगवत नसे. नऊ वर्षांपूर्वी तो संगमेश्वरहून पहिल्यांदा निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने, प्रभावतीने, ओल्या बनियनमध्ये गुंडाळून अळूचे दोन कंद बॅगेत घातले. "तिकडे कुठं लावू?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "माती असेलच की कुठंतरी."

माती होती. पाण्याचा प्रश्न एसींनी सोडवला. मागच्या भिंतीवर प्रत्येक खोलीचा एसी बाहेर डोकावतो आणि त्याच्या नळीतून दिवसरात्र पाणी ठिबकतं. नागेशने नळ्यांना नळ्या जोडल्या, बाटल्या कापल्या आणि ते सगळं पाणी पट्टीत वळवलं. अळू मातलं. दोन कंदांचे चाळीस गड्डे झाले. मागोमाग कढीपत्ता आला, गवती चहा आला, टोकाला शेवगा उभा राहिला. रविवारी कॅम्पच्या किचनमध्ये अळूचं फतफतं शिजलं की तिन्ही मजल्यांवरची माणसं ताटं घेऊन हजर व्हायची. त्यांत बिहारचे आणि नेपाळचेही असायचे, आणि तेही "थोडा और" म्हणायचे.

मग तीन वर्षांपूर्वी मधूने, म्हणजे त्याच्या वरच्या खाटेवर झोपणाऱ्या सोलापूरच्या इलेक्ट्रिशियनने, कुठूनशी एक लिंक आणून दिली. ग्रुपचं नाव 'बाल्कनी बाग, यूएई'. माणसं सगळी मराठी, प्रत्येकाकडे एक बाल्कनी, बाल्कनीत दोन कुंड्या, आणि त्या दोन कुंड्यांच्या दोनशे तक्रारी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुबईला येण्याआधी नागेश सात वर्षं तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. त्यामुळे त्याला लिहायचं म्हटलं की एकच मराठी येतं. जुलेखा नावाच्या बाईंनी ग्रुपवर टाकलं, "गाईज, माझा कढीपत्ता फुल यलो होतोय, प्लीज हेल्प!" त्यावर नागेशने लिहिलं, "आपल्या कढीपत्त्याची पाने पिवळी पडण्याचे कारण अतिरिक्त पाणी हे असावे. कृपया चार दिवस पाणी घालू नये. कळावे."

ग्रुप दिपून गेला. दिवसभर ऑफिसात 'फॉलोअप' आणि 'डेडलाइन' करणाऱ्या त्या माणसांनी 'अतिरिक्त' हा शब्द शाळा सुटल्यापासून पाहिला नव्हता. ग्रुपची ॲडमिन रंजिता, अल मनखूलला राहणारी आणि कुठल्याशा कंपनीत एचआर सांभाळणारी, हिने लगेच लिहिलं, "थँक यू सो मच, सर!" दुसऱ्या दिवशी सगळेच सर म्हणू लागले. महिनाभरात असं ठरलं की सर निवृत्त प्राध्यापक आहेत, बहुधा वनस्पतिशास्त्राचे, आणि मुलाकडे राहतात. हे कुणी ठरवलं ते ग्रुपलाही सांगता येणार नाही.

पहिल्यांदा 'सर' वाचलं तेव्हा नागेशने खुलासा टाइप केला होता. "मी सर नसून" इथपर्यंत आला, आणि थांबला. दिवसभर त्याला 'ए फोर्कलिफ्ट' अशी हाक असायची. त्याने लिहिलेलं पुसलं आणि झोपला.

पुढे लोक विचारत गेले आणि तो खरं सांगत गेला. बाग केवढी? "लांबी साठ फूट, रुंदी तीन फूट." कुठे? "जबल अली, घराच्या मागील बाजूस." मदतीला कुणी? "माणसे भरपूर आहेत." पाणी? "एसीचे. मागील बाजूस एकूण बेचाळीस एसी आहेत." त्यावर जुलेखाबाईंचे यजमान मुझम्मिल यांनी फक्त "माशाल्ला" लिहिलं.

बाग बघायला यायचं का, असंही लोकांनी सहा-सात वेळा विचारलं. त्यावर सर म्हणत, "योग आल्यास कळवीन." गेटवरचा वॉचमन बाहेरच्यांना आत सोडत नाही, हे काही त्यांनी लिहिलं नाही.

योग आला तो असा. नोव्हेंबरच्या शेवटी कॅम्प बॉसने मागच्या पट्टीवर उभं राहून सांगितलं, की चार तारखेला इथे काँक्रीट पडणार. इन्स्पेक्शन आहे, पाण्याने डास होतात, वरून ऑर्डर आहे, खलास. कॅम्प बॉस वाईट माणूस नव्हता. फतफतं त्यानेही दोनदा खाल्लं होतं. पण ऑर्डर ती ऑर्डर. नागेशने चाळीस गड्ड्यांकडे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदाच कळलं, की या देशात त्याचं स्वतःचं असं एवढंच आहे. खाट कंपनीची, कपडे कंपनीचे, अळू तेवढं प्रभावतीचं.

त्याच आठवड्यात रंजिताने ग्रुपवर जाहीर केलं, की दोन डिसेंबरला, राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला, सगळ्यांनी भेटायचं. स्थळ जुलेखाबाईंचं घर, अल नहदा, शारजा. जेवण प्रत्येकाने एक पदार्थ. आणि नागेश सरांनी काहीही कारण न सांगता यायचं.

अकरा-बारा बाल्कन्या एका ठिकाणी जमणार होत्या. प्रत्येकीने तीन-चार गड्डे नेले तरी अळू वाचत होतं. फक्त ते कुठून न्यायचं, हे सांगावं लागणार होतं.

"सांगितलंस तर इज्जत गेली," मधू शर्टाला इस्त्री करत म्हणाला. शर्ट त्याचाच होता, लग्नाकार्याला ठेवलेला. "नाही सांगितलंस तर अळू गेलं. यल्ला, ठरव एकदाचं. ही इस्त्री कशासाठी चाललीय ते तरी मला कळू दे."

नागेशने ठरवलं नाही. पण मोबाइलवर त्याने एक अर्ज लिहिला. आयुष्यात शेकड्यांनी अर्ज लिहिले, सातबाऱ्याचे, रेशनकार्डाचे, विहिरीच्या वादाचे. स्वतःसाठी मात्र हा पहिलाच. लिहून झाल्यावर त्याला जरा बरं वाटलं. मग त्याने रंगाच्या रिकाम्या बादलीत एक दणकट गड्डा माती घालून बसवला आणि दोन तारखेला सकाळी दहाला कॅम्पच्या बसमध्ये चढला.

अळूचं पान हत्तीच्या कानाएवढं असतं, आणि या गड्ड्याला तशी पाच पानं होती. मेट्रोत सुट्टीची तुफान गर्दी. प्रत्येकाच्या गळ्यात झेंड्याच्या रंगाचा स्कार्फ, पोरांच्या गालांवर झेंडे. त्या सगळ्यांच्या मध्ये नागेश बादली दोन पायांत धरून उभा, आणि एक पान एका फिलिपिनो बाईच्या खांद्यावर. तिने त्याचा फोटो काढला. युनियनला गाडी बदलताना सिक्युरिटीवाल्याने हटकलं.

"व्हॉट इज धिस?"

"प्लांट."

"फॉर हू?"

"फ्रेंड्स," नागेश म्हणाला, आणि आपण हे काय बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

स्टेडियम स्टेशनला उतरून तो चालत निघाला. नकाशात अंतर थोडं दिसत होतं. नकाशाच्या हातात बादली नसते. पाऊण तासाने तो जुलेखाबाईंच्या टॉवरखाली पोचला तेव्हा मधूचा शर्ट पाठीला चिकटला होता, बुटांवर माती होती आणि एक पान मोडलं होतं. सातव्या मजल्यावर दार मुझम्मिलनी उघडलं. पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा कुर्ता, हातात फोन. त्यांनी आधी बादली पाहिली, मग माणूस.

"हां भाई, उधर बाल्कनी में रख दो," ते म्हणाले. "जूते बाहर. किसने मंगवाया? जुलेखा, नर्सरीवाला आलाय गं!"

नागेशच्या तोंडात नमस्कार तयार होता. तो तसाच राहिला. त्याने बूट काढले, हॉलमधून मान खाली घालून वाट काढली, कारण तिथे वीस-पंचवीस माणसं बसली होती, आणि बादली बाल्कनीत नेऊन ठेवली. मुझम्मिल मागोमाग आले. त्यांनी त्याच्या हातात लबानची, म्हणजे ताकाची, थंडगार बाटली दिली. "धूप में आया है, पी ले आराम से," म्हणाले आणि आत गेले. बाल्कनीचं दार त्यांनी एसीसाठी ओढून घेतलं.

माणूस भलाच होता, यात वाद नाही. नागेश ताक प्यायला. त्याला फार तहान लागली होती.

आता आत जाऊन नाव सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण काचेतून हॉल दिसत होता. समोरच्या भिंतीपाशी एक खुर्ची रिकामी ठेवलेली, तिच्यावर चादर. शेजारी टीपॉयवर ताट, ताटात शाल आणि नारळ. अर्ज लिहिणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळाचा अर्थ सांगावा लागत नाही. सत्कार होता, आणि तो कुणाचा हे उघड होतं. खुलाशाची एक वेळ असते, ती तीन वर्षांपूर्वीच टळून गेली होती.

मग त्याने हाताला सुचलं ते केलं. जुलेखाबाईंचा कढीपत्ता समोरच होता, पुन्हा पिवळा. त्याने बोटाने माती उकरून पाहिली. चिखल. बशीत साचलेलं पाणी त्याने ओतून दिलं. इतक्यात दार सरकवून एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बाहेर आली. जुलेखाबाईंची इनाया.

"आर यू द प्लांट मॅन?"

"यस," नागेश म्हणाला. हेही खरंच होतं.

"आय ॲम स्टार्व्हिंग," ती म्हणाली. "वी कान्ट ईट टिल सम सर कम्स."

"तुम्हा मुलांना पण देत नाहीत?"

"नो. ममा सेज इट्स रूड."

उघड्या दारातून आतलं बोलणंही ऐकू येऊ लागलं. दीड वाजून गेला होता. टेबलावर वडे होते, मटण होतं, जुलेखाबाईंनी वाफवलेलं सांदण होतं, रंजिताची पुरणपोळी होती, आणि सगळ्यांवर झाकणं. मोठ्या माणसाला बोलावलंय, तो आल्याशिवाय ताट वाढायचं नाही. जबल अलीहून यायचं म्हणजे वेळ लागणारच. तहसीनभाई नावाचे सत्तरीचे गृहस्थ सोफ्यावर घाम पुसत होते. त्यांना शुगर होती.

"तहसीनचाचा, शुगर आहे तुम्हाला, तुम्ही तरी खा काहीतरी," जुलेखाबाई म्हणाल्या.

"सर येऊ देत," तहसीनभाई म्हणाले. "एवढा विद्वान माणूस येणार आणि मी तोंड पुसत उभा राहू? एक खजूर दे, बस."

रंजिता म्हणाली, "मी सरांना ग्रुपवरच पिंग करते. कॉल ते कधीच घेत नाहीत."

नागेशच्या खिशात फोन थरथरला. त्याने काढून पाहिलं. "सर, कुठे पोचलात? आम्ही सगळे तुमच्यासाठी थांबलोय." खाली एका मिनिटात नऊ जणांनी हात जोडले.

एका म्हाताऱ्या माणसाला आपल्यापायी घेरी येणार, हे दिसत असताना गप्प बसणं नागेशला जमण्यातलं नव्हतं. त्याने टाइप केलं. घाईतही मराठी शुद्धच आलं.

"मी पाऊण वाजताच पोचलो असून सध्या आपल्या बाल्कनीत आहे. कढीपत्त्याच्या बशीत पाणी साचू देऊ नये. तहसीनभाईंना कृपया ताबडतोब जेवायला वाढावे. कळावे."

आत एकाच वेळी वीस फोन वाजले. मग वीस माना बाल्कनीकडे वळल्या. काचेपलीकडे मधूच्या शर्टातला, हाताला चिखल लागलेला, लबानची रिकामी बाटली धरलेला माणूस उभा होता.

मुझम्मिलनी तोंडावर हात ठेवला. रंजिताच्या हातात सत्काराचा कागद होता. तिने त्यातली पहिली ओळ मनातल्या मनात वाचली आणि कागदाची घडी घातली. शेवटी जुलेखाबाई उठल्या, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "या की आत. बाहेर का उभे?"

"बट ही इज द प्लांट मॅन," इनाया म्हणाली.

नागेश आत आला. खुर्चीवर बसला नाही. खुर्चीशेजारी उभा राहिला. कुणीतरी मागून हळूच विचारलं, "मग ते बेचाळीस एसी?"

"तीन मजले," नागेश म्हणाला. "एका मजल्यावर मागच्या अंगाला चौदा खोल्या. कंपनीचा कॅम्प आहे. मी फोर्कलिफ्ट चालवतो. दहावी झालोय."

सगळ्यांनी मनात गुणाकार केला. तो बरोबर होता.

"मला बोलता येत नाही नीट," तो पुढे म्हणाला. "लिहून आणलंय. वाचतो आणि जातो." आणि त्याने फोन डोळ्यांसमोर धरून, कचेरीत साहेबापुढे वाचावा तसा, अर्ज वाचला.

"प्रति, सर्व सदस्य, बाल्कनी बाग. विषय, अळूस जागा मिळणेबाबत. महोदय, महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, मी कॅम्पमध्ये राहणारा कामगार असून माझ्या बागेच्या जागी दिनांक चार रोजी काँक्रीट होणार आहे. बागेत अळूचे चाळीस गड्डे आहेत. ते माझ्या पत्नीने दिलेल्या दोन कंदांपासून झालेले आहेत. आपण मला सर समजलात, ते मी दुरुस्त केले नाही, कारण मला ते आवडत होते. त्याबद्दल क्षमा असावी. त्याची शिक्षा अळूस होऊ नये. तरी प्रत्येकाने शक्य तितके गड्डे न्यावेत, ही नम्र विनंती. सोबत, नमुन्यादाखल एक रोप जोडले आहे. आपला विश्वासू, नागेश."

त्याने फोन खिशात ठेवला आणि दाराकडे, बुटांकडे पाहिलं.

खजुराची बी हातात धरून तहसीनभाई सोफ्यावरून उठले. उभा जन्म ते रत्नागिरीला बंदर खात्यात कारकून होते. अर्ज आला की त्यावर शेरा मारायचा असतो, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"मंजूर," ते म्हणाले. "आता वाढा."

नंतर कुणी भाषण केलं नाही. सत्कार झाला, पण जेवणानंतर, आणि रंजिताने शाल घालताना कागद काढला नाही. नागेश जेवत असताना मुझम्मिल चार वेळा सांदण वाढायला आले आणि चारही वेळा त्यांना लबानविषयी काहीतरी म्हणायचं होतं. पाचव्या वेळी नागेशच म्हणाला, "ताक फार छान होतं. मला तहान लागली होती." मग ते बसले आणि जेवले.

तीन तारखेलाही सुट्टी होती. सकाळी नऊपासून कॅम्पच्या गेटबाहेर गाड्या लागल्या. वॉचमनने कुणाला आत सोडलं नाही, नियमच होता. नागेश आणि मधू पट्टीतून एकेक गड्डा मातीसकट काढून गेटपर्यंत आणायचे, आणि गेटबाहेर रंजिता यादी बघून डिकी उघडायला सांगायची. तिन्ही मजल्यांवरचे लोक हे बघायला गॅलरीत आले होते, मग खाली आले आणि उचलू लागले. बाराच्या आत उरलेले सगळे गड्डे गेले, कढीपत्ता गेला, गवती चहा गेला. शेवगा मुळासकट निघेना, तेव्हा मधूने त्याच्या फांद्या कापल्या. शेवग्याची फांदी लावली तरी लागते. बुंधा तेवढा राहिला. त्यांतला एक गड्डा कॅम्प बॉसने आपल्या ऑफिसच्या खिडकीत ठेवायला मागून घेतला. डासांचं त्याने काही काढलं नाही.

चार तारखेला काँक्रीट पडलं. संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर नागेश मागे जाऊन उभा राहिला. पट्टी सपाट, करडी, अजून ओली होती. भिंतीवरचे बेचाळीस एसी चालूच होते आणि त्यांचं पाणी काँक्रीटवरून ओघळून गटाराकडे चाललं होतं. त्याला खूप वाईट वाटलं. नऊ वर्षं तो या वेळी इथे पानांवरची धूळ पुसायचा, आणि आता हाताला काही कामच नव्हतं.

फोन थरथरला. ग्रुपवर मुझम्मिलनी फोटो टाकला होता. अल नहदाची सातव्या मजल्यावरची बाल्कनी, रंगाची तीच बादली, आणि एसीच्या नळीला चिकटपट्टीने जोडलेली एक वाकडीतिकडी नळी. खाली लिहिलं होतं:

"सर, आमच्याकडे फक्त तीन एसी आहेत. पुरतील का?"

नागेशने 'सर' हा शब्द दोनदा वाचला. आता सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी तो तिथे होता. त्याने ओल्या काँक्रीटच्या कडेला उकिडवं बसून उत्तर लिहिलं.

"पुरतील. मोडके पान काढून टाकावे. खाली नवीन कोंब आलेला असेल. कळावे."